माळावरून रामलिंगाकडे

सोलापुरात पाहुणे उतरले की दुसऱ्या दिवशी सकाळी प्रश्न येतोच, "इथं जवळपास फिरायला काय आहे?" यजमानाचं उत्तर ठरलेलं: पंढरपूर, तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर. चारही देवस्थानं. महाबळेश्वरासारखे पॉइंट नाहीत, चिखलदऱ्यासारखी दरी नाही. गावात चढावं असं काही असेल तर रेल्वेचा पूल. म्हणून मी हल्ली पाहुण्यांना बार्शी रोडला नेतो. नान्नजचं माळरान, पुढे वैराग, बार्शी आणि शेवटी बालाघाटाच्या डोंगरात येडशीचं रामलिंग. सगळं मिळून शंभरेक किलोमीटर. सकाळी लवकर निघालं तर दिवसात आरामात होतं. दिवस मात्र हुरड्याचे असावेत.

निघण्याआधी किल्ल्याला एक फेरी मारावी. इथला किल्ला भुईकोट, कारण दुसरा बांधायला डोंगरच नव्हता. बहामनी काळातला, दुहेरी तटाचा, आणि पूर्वेला सिद्धेश्वर तलाव असल्यामुळे त्या बाजूने पाण्याचाच पहारा. चढण नसलेल्या या किल्ल्यासाठी विजापूर आणि अहमदनगर यांनी अर्धं शतक डोकी फोडून घेतली. आदिलशहाची बहीण मरियम निजामशहाला दिली तेव्हा हुंड्यात सोलापूरचा किल्ला कबूल झाला होता, तो काही दिला गेला नाही. लढाया सुरू झाल्या. पुढे तालिकोटच्या लढाईआधी दोन्ही घराण्यांचं जुळलं, चांदबिबी सून म्हणून विजापूरला गेली आणि तिच्या हुंड्यात तोच किल्ला आदिलशहाकडे आला. हुंड्याचा वाद इतका लांबलेलं दुसरं लग्न मला माहीत नाही.

तलावाच्या मधोमध सिद्धेश्वराचं देऊळ आहे. बाराव्या शतकातल्या सिद्धरामांनी लोकांना हाताशी धरून हा तलाव खोदवला, अशी इथली श्रद्धा. संक्रांतीला गड्ड्याची यात्रा भरते, उंच नंदीध्वज खांद्यावर पेलत माणसं गावभर मिरवतात, तेव्हा सोलापुरात मान वर करून पाहण्यासारखं काहीतरी असतं. एरवी इथली मोठी कामं खालच्या दिशेनेच झाली. बार्शी रोडच्या पूर्वेला, तुळजापूरच्या वाटेवर, हिप्परग्याचा एकरुख तलाव आहे. आदिला नदी अडवून इंग्रजांनी तो १८७१ मध्ये पुरा केला. हिवाळ्यात तिथे पट्टकदंब हंस उतरतात. हिमालय ओलांडून आलेला पक्षी आमच्या सपाटीवर तीन-चार महिने आनंदाने काढतो, ही गोष्ट मी डोंगरवाल्या पाहुण्यांना मुद्दाम सांगतो.

शहर मागे पडलं की दोन्ही बाजूंना द्राक्षबागा लागतात. नान्नज म्हटलं की द्राक्षवाल्यांना माळढोक पक्ष्याच्या आधी बागा आठवतात. इथल्या नानासाहेब काळे यांनी आपल्या बागेतूनच 'सोनाका' आणि 'शरद सीडलेस' हे वाण निवडून काढले. शरद सीडलेसचं मूळ रशियाकडच्या काळ्या किशमिश द्राक्षात आहे. आज नाशिक-सांगलीच्या बाजारात ज्या लांबट मण्यांवर सौदे होतात, त्यातल्या कित्येकांची वंशावळ या कोरड्या गावात येऊन थांबते. बाग आली की बोअर येतं, तारेचं कुंपण येतं, विजेची लाइन येते. हे ध्यानात ठेवून पुढे माळावर जावं, नाहीतर माळढोकाची हकिगत अर्धीच कळते.

माळावर पाऊल टाकल्यावर पहिली पाच मिनिटं पाहुण्यांचा चेहरा पाहण्यासारखा होतो. काहीच नाही! पिवळं गवत, त्यात एखादी बोर, एखादी बाभूळ, आणि आभाळ. वनखात्याच्या माणसाबरोबर चालायचं, रस्ता सोडायचा नाही, मचाणावर गेलं की गप्प बसायचं. मग हळूहळू माळ हलायला लागतो. मातीचा ढीग म्हणून ज्याकडे दुर्लक्ष केलं ती काळविटाची मादी निघते. खडे वाटले ते पखुर्डीचे थवे असतात. गवताच्या शेंड्यांवरून हातभर उंचीने भोवत्या घिरट्या घालत जातो. हा शिकारी पक्षी मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून येतो आणि इथे आल्यावर त्याला बहुधा घरच्यासारखंच वाटत असावं.

चालताना मोज्यांत कुसळं भरतात. एक काढून नीट बघा. टोकाला सुईसारखं अणकुचीदार बी, मागे पीळ पडलेली काळपट शेपटी. तळहातावर ठेवून थुंकीचा थेंब लावला की ती शेपटी स्वतःभोवती फिरू लागते. दमट हवेत पीळ सुटतो, वाळली की पुन्हा बसतो आणि दर फेरीला बी मातीत थोडं आणखी रुततं. पहिला पाऊस येतो तेव्हा बी पेरून झालेलं असतं. ज्या जमिनीला सरकारी कागदांनी पिढ्यान्‌पिढ्या पडीक म्हटलं, तिथे ही पेरणी दरसाल होते.

माळढोक पाहायचा तर यायचं पावसाळ्यात. त्याचा विणीचा हंगाम तो. नर गळ्याची पिशवी फुगवून, शेपूट उभारून माळाच्या उंचवट्यावर उभा राहतो आणि घुमतो. मीटरभर उंच, पंधरा किलोपर्यंत वजन, उडणाऱ्या पक्ष्यांमधला हा एक धिप्पाड गडी. मादी वर्षाकाठी बहुधा एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. सत्तरच्या दशकात बी. एस. कुलकर्णी या सोलापूरच्या निसर्गप्रेमींनी नान्नजच्या माळढोकाकडे सरकारचं लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झालं, ते थेट ८,४९६ चौरस किलोमीटरचं. दोन गोवे मावून जागा उरेल एवढं! त्यात सोलापूर आणि नगर जिल्ह्यांतली शेतं आली, गावं आली, बाजारपेठा आल्या. जमिनीच्या व्यवहारांवर बंधनं आली आणि ज्या शेतकऱ्याने आयुष्यात माळढोकाला दगड मारला नव्हता, तोही त्याच्या नावाने बोटं मोडू लागला. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन हे क्षेत्र सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आलं.

हद्द आवळली ती गरजेचीच होती, असं माझं मत. पण तोवर दुसरं नुकसान होऊन गेलं होतं. दुष्काळी कामांच्या काळात माळ म्हणजे रिकामी जागा असं धरून कुठे कुठे गिरिपुष्प लावलं गेलं. झाड लावणं वाईट कसं असेल? पण माळढोकाला लांबवर दिसायला हवं, झाडीत त्याचा जीव घुसमटतो. शिवाय त्याला समोरचं नीट दिसत नाही, त्याची नजर बाजूंना. विजेच्या तारा जवळ येईपर्यंत कळत नाहीत आणि एवढं जड शरीर ऐनवेळी वळवता येत नाही. राजस्थानातही हेच दुखणं आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिथल्या आणि गुजरातमधल्या तारा जमिनीखाली घालायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश सैल करून तज्ज्ञांची समिती नेमली. देशभरात मिळून हे पक्षी दीडशेच्या आत राहिलेत, बहुतेक जैसलमेरकडे. नान्नजला अलीकडे नोंद होते ती एखाद्या मादीची. एकटीच्या अंड्यातून पिल्लू निघत नाही.

माळाच्या कडेला मेंढरं घेऊन एक धनगर उभा होता. "आता काय बघाय आलाव? पाऊस पडल्यावर यायचं की," म्हणाला. लांडग्याचं विचारलं तर तो सहज बोलला, "हायती की. लांडगं एक न्हेतंय आन्‌ जातंय. गावची कुत्री लई वंगाळ, धा फाडत्यात आन्‌ एक बी खात न्हाईत." मोकाट कुत्र्यांचा त्रास काळविटांच्या पाडसांनाही आहे, खोकडांनाही.

वैरागला चहा, आणि मिळालाच तर हुरडा. गोवऱ्यांच्या आगटीत भाजलेलं कणीस तळव्यावर चोळायचं, फुंकर मारायची आणि शेंगाचटणीबरोबर तोंडात टाकायचं. या भागातल्या मालदांडी ज्वारीची प्रसिद्ध निवड शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रातली. ओल जपणाऱ्या काळ्या जमिनीत पुढच्या पावसाची वाट न बघता उभी राहणारी. जास्त वर्णन करत नाही, पोटभर खावी.

बार्शीत भगवंताचं देऊळ आहे, पण मला बार्शी म्हटलं की गाडी आठवते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू केली. अडीच फुटी रूळ, छोटे डबे. १९११ पर्यंत ती येडशीवरून लातूरला पोचली. पंढरीचे वारकरी आणि बार्शीचा भुसार माल दोन्ही तिने वाहिले. याच कॅलथ्रॉपने पुढे वैमानिकांसाठी पॅराशूट तयार केलं. आमच्या सपाटीवर रूळ टाकणाऱ्याला पुढे उंचावरून उडी मारायचं सुचावं, याची मला गंमत वाटते. आता तिथे ब्रॉडगेज आहे.

बार्शी सोडली की पूर्वेला बालाघाट उठतो. फार उंच नाही, पण दिवसभर सपाटी पाहिलेल्या डोळ्यांना तो सह्याद्रीच वाटतो. रामलिंग घाट अभयारण्य जेमतेम बावीस चौरस किलोमीटरचं, सागाचं आणि काटेरी झुडपांचं. डिसेंबर २०२४ मध्ये इथल्या कॅमेऱ्यात वाघ आला. यवतमाळच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर शेतं, रस्ते, ओढे ओलांडत तो पोचला होता. पुढे त्याने बार्शी तालुक्यातही मुक्काम केला आणि ज्या शेतकऱ्यांच्या आजोबांनीही वाघ पाहिला नव्हता, ते रात्री दारं लावून बसू लागले. इतक्या लहानशा जंगलाला वाघ कसा पुरेल हा प्रश्न बरोबर आहे. पण मोकळ्या माळांची आणि ओढ्यांची साखळी अजून कुठेतरी शाबूत आहे, म्हणूनच तो इथवर आला ना?

रामलिंगाचं देऊळ डोंगरावर असेल अशी पाहुण्यांची समजूत असते. ते आहे घळीत. एवढा घाट चढून आल्यावर पायऱ्या उतरून खाली जायचं. सीतेला नेणाऱ्या रावणाशी झुंजून जटायू इथे पडला, रामाने त्याला इथेच पाणी पाजलं, अशी कथा. पावसाळ्यात शेजारी धबधबा कोसळतो, हिवाळ्यात ओढा बारीक झालेला असतो आणि मग घळीवर खरं राज्य माकडांचं. शेंगाचटणीची पुडी गाडीतच ठेवावी. आमच्यातल्या एका पाहुणीच्या हातची एका हुप्प्याने नेली, कड्यावर बसून फोडली आणि चाखली. सोलापूरची चटणी ती! त्याने पुडी टाकून दिली, ओठ चोळले, जरा वेळ विचार केला आणि उतरून उरलेली पुन्हा घेऊन गेला.