मान आणि लाख

चाकण–तळेगाव रस्त्यालगतच्या महाळुंग्यात (बालेवाडीजवळचं महाळुंगे वेगळं) जपानी दुभाषी म्हणून काम करताना व्याकरण क्वचितच अडतं. अडतात ते आकडे. जपानी इंजिनिअर डायकडे बोट दाखवून म्हणतो, 'सान्-जू मान शॉट', आणि टूलरूममधला माणूस लाखात मोजणारा. मध्ये मिलियन घुसवणारे दुभाषी मला पटत नाहीत. दोघांचीही नसलेली मोजणी हवी कशाला? तीस मान म्हणजे तीन लाख. एक शून्य सरकवलं की झालं.

मान म्हणजे दहा हजार. संस्कृतात त्याला 'अयुत' होतं, ते आपल्या व्यवहारातून गेलं. चिनी अक्षरात दहा हजार आज तीन रेघांत लिहितात. जुनं, किचकट रूप तैवान-हाँगकाँगमध्ये टिकून आहे, आणि ते मुळात विंचवाचं चित्र! विंचवाचा दहा हजारांशी संबंध काही नाही. उच्चार जुळला म्हणून अक्षर उसनं घेतलं. चाकणमध्येच कारखाना असलेल्या सानी कंपनीचं चिनी नाव त्या मानाने सोपं: 'तीन' आणि 'एक'. रेघा मोजा, वाचता येतं.

दहा हजारांच्या अक्षराला चिनी लोक 'वान' म्हणतात, कोरियन 'मान'. जपानीत दहा, शंभर, हजार नुसते चालतात, पण दहा हजारांना 'इची-मान' म्हणावंच लागतं. कोरियन माणूस नुसतं 'मान' म्हणून मोकळा होतो. व्हिएतनामीतही शब्द पोचला, पण रोजच्या हिशेबात तिथे हजारच मोजतात. 'बान्झाई'मधला 'बान' म्हणजे हेच अक्षर: दहा हजार वर्षं जगा.

गंमत कागदावर आहे. जपानी बोलतात चार-चार शून्यांनी, स्वल्पविराम मात्र पाश्चात्त्यांसारखा तीन-तीन आकड्यांवर देतात. त्यामुळे मोठी रक्कम वाचताना जपानी माणूसही पेनाच्या टोकाने शून्यं मोजताना दिसतो. आपला स्वल्पविराम लाख-कोटी बोलतो तिथेच पडतो.

नव्या मुलांना मी एवढंच सांगते, एकक कानावर पडेपर्यंत तोंड उघडू नका. 'सान्-ब्याकु-गो-जू' ऐकून 'तीनशे पन्नास' म्हणालात की फसलात. मागून मान येतो आणि ते पस्तीस लाख असतात. पंधरा मानाला दीड लाख, पंचवीसला अडीच, हे सरावाने ओठांवर येतं. उलटीकडून त्रास जास्त. खरेदी विभागाचे साहेब सहज 'पावणेदोन कोटी' म्हणतात, आणि मला वहीत 1750 मान लिहून मगच बोलावं लागतं.

त्यापुढे 'ओकु', म्हणजे दहा कोटी, आणि 'चो', म्हणजे लाख कोटी. ओकु आला की मी तोंडी भाषांतरावर विसंबत नाही. सगळी शून्यं कागदावर काढते, वर जपानी वाचन, खाली मराठी, आणि कागद टेबलावरून फिरवते. मीटिंग थोडी लांबते. लांबू दे.