पिअर 38 वरचा गारठा

होनोलुलू साधारण नागपूरच्याच अक्षांशावर येतं. पहाटेचे सहा वाजले होते, रस्त्यावर माणसं अर्ध्या चड्डीत हिंडत होती आणि मी मात्र स्वेटर, बंद बूट अशा अवतारात बंदराकडे निघालो होतो. पिअर 38 वरच्या मासळी लिलावाला पाहुण्याने असंच यायचं असतं, कारण ते दालन म्हणजे शीतगृहच. साडेपाचची घंटा केव्हाच झाली होती आणि लिलाव रंगात आला होता.

रंगात म्हणजे तरी काय! ससून डॉकचा कलकलाट कानात असलेल्या माणसाला इथे बँकेत शिरल्यासारखं वाटतं. लिलाववाल्याभोवती गिऱ्हाइकांचं कोंडाळं पुटपुटत पुढे सरकतं आणि मागे माशावर एक चिठ्ठी उरते. टोपलीचा भाव नाही, दर माशाचा वेगळा. 1952 पासूनची ही रीत. कोकणात ज्याला कुपा म्हणतात त्याच कुळातले हे ट्यूना. मोठ्या डोळ्यांचा बिगआय आणि पिवळ्या परांचा यलोफिन, हवाईत दोघंही ‘अही’च.

एका वयस्क गिऱ्हाइकाने शेपटीजवळचा काप टॉर्चखाली धरला, बोटांत चोळला आणि नाक मुरडलं. मांस लालबुंद, तुकतुकीत हवं. हे फिकट, पाणचट होतं. “भाजलाय,” तो म्हणाला. विस्तवाशी गाठ पडलेली नसताना भाजलेला! गळाला लागलेला ट्यूना जीव खाऊन झगडतो, त्याचं अंग तापतं. वेळेवर थंड केला नाही तर मांस आतूनच बिघडतं. म्हणून तर बोटीवरून उतरवतानाच माशांच्या अंगात तापमापकाची सळई खुपसून पाहतात.

पण तापमानाचा खरा खेळ त्याआधी, समुद्रात झालेला असतो. तो कळला धक्क्याला लागलेल्या एका बोटीच्या कप्तानाकडून. मूळचा व्हिएतनामी, बोलायला मोकळा. लॉंगलाइन म्हणजे नायलॉनची एकच दोरी, पन्नास किलोमीटर किंवा त्याहूनही लांब. ठरावीक अंतराने तरंगणारे बोये, मध्ये लोंबणाऱ्या आखूड दोऱ्या, त्यांना आमिष लावलेले गळ. एका खेपेला दोन-तीन हजार. कप्तानाने दोन बोटांत सुतळी धरून सैल सोडली. “दोन बोयांच्या मध्ये ही अशी झोळ घेते. झोळात गळ जितके जास्त, तितका मधला गळ खोल.” पंचवीस-सत्तावीस गळ असले की मधले तीन-चारशे मीटरवर जातात. वर पाणी सव्वीस अंश असेल, तर चारशे मीटरवर दहाच्या आसपास.

तिथेच दिवसा बिगआय असतो. यलोफिनला एवढी थंडी सोसत नाही. तो बहुतेक वेळ वरच्या उबदार थरात राहतो. म्हणजे आमिष तेच, समुद्र तोच, पण गळ किती अंशांच्या पाण्यात लोंबतोय त्यावर कोण लागणार ते ठरतं. तलवार मासा हवा असेल तर झोळात चार-पाचच गळ ठेवून रात्री उथळ दोरी टाकतात.

बिगआयची युक्ती मला फार आवडली. त्याच्या अंगात गरम आणि थंड रक्ताच्या बारीक नळ्या शेजारीशेजारी असतात, त्यामुळे ऊब आतच राहते. खालच्या गारठ्यात थंडावला की तो मधूनमधून वर येतो, शेकून घेतो आणि पुन्हा बुडी मारतो. किम हॉलंड आणि सहकाऱ्यांनी 1992 मध्ये दाखवलं, की वर येताना तो ही उष्णता अडवणारी यंत्रणा बंद करतो आणि खाली जाताना चालू. शरीरातून उष्णता जा-ये करण्याच्या वेगात त्यामुळे किमान शंभरपट फरक पडतो. आपल्या घरातल्या गिझरलासुद्धा एवढी अक्कल नसते.

कप्तानाच्या केबिनमध्ये पडद्यावर उपग्रहाचा रंगीत नकाशा होता. लाल म्हणजे गरम, निळा म्हणजे थंड. “हा वरचा रंग,” तो म्हणाला. “मासा तर खाली.” म्हणून तो दोरीलाच खोली आणि तापमान नोंदवणारं छोटं यंत्र बांधतो. प्रवाह जोराचा असला तर दोरी ताणून वर उचलली जाते आणि चारशे मीटरचा हिशेब अडीचशेवर येतो. एल निनोच्या वर्षी तर पाणी झपाट्याने थंड होतं तो थरच जागा बदलतो. विषुववृत्तावर एरवी पश्चिम पॅसिफिकमध्ये तो खोल आणि पूर्वेला उथळ असतो. एल निनोत पश्चिमेला वर येतो, पूर्वेला खाली जातो. गळ तेवढेच, पण भलत्याच पाण्यात.

मला अरबी समुद्र आठवला. तिथे अडचण निराळी. थंड थराखाली प्राणवायूच इतका कमी, की यलोफिन वरच्या पट्ट्यात कोंडला जातो आणि फार खोल सोडलेले गळ त्याच्या खालूनच निघून जातात.

बाहेर आलो तर ऊन चढलं होतं. बोटीच्या पोटात बर्फाचा भुगा धडधडत पडत होता. हे मासे गोठवत नाहीत, दोन-तीन आठवडे बर्फातच ठेवतात. खलाशी बहुतेक इंडोनेशिया-फिलिपिन्सचे. व्हिसा नसल्याने त्यांना धक्क्यापलीकडच्या शहरात पाऊल टाकता येत नाही. त्यातला एक पोरगा लोखंडी पिंपावर बसून गळ मोजत होता. सत्तावीस झाले, की दोरीला गाठ आणि पुन्हा एकपासून. मी स्वेटर काढून हातावर घेतला. तो बघून हसला आणि मोजणी चुकला.