तलाव लँकेशायरचा, बांधी भंडाऱ्याची

भंडाऱ्याच्या दिवाणी कोर्टात इंग्लंडच्या निकालाचं काय काम, असं बाहेरगावचे वकील मित्र हसत विचारतात. मी त्यांना जिल्ह्याचा नकाशा बघायला सांगतो. वैनगंगेच्या दोन्ही अंगांनी तलावच तलाव. कोहळी समाजाच्या वाडवडिलांनी बांधलेले, मालगुजारांकडे राहिलेले, आणि १९५१ मध्ये मालगुजारी गेल्यावर सरकारजमा झालेले. कागदोपत्री ‘माजी मालगुजारी तलाव’, बोलण्यात ‘मामा तलाव’. त्यांच्या जोडीला शेतोशेती बोड्या, म्हणजे छोटी तळी, आणि खाली धानाच्या बांध्या. एवढं पाणी उंचावर अडवलेलं असेल तर एखाद्या पावसाळ्यात ते पाळ फोडणार, आणि खालचा शेतकरी वकिलाची पायरी चढणार. त्याचा प्रश्न ठरलेला असतो, “पानी त्याचं, पाळ त्याची, मंग गाळ माह्या बांधीत काहून जी, वकीलसाहेब?”

याच प्रश्नाला इंग्रजी कायद्यानं दिलेलं सर्वांत गाजलेलं उत्तर एका गिरणीमुळे जन्माला आलं. लँकेशायरमधल्या रायलँड्स नावाच्या गिरणीमालकानं पाण्यासाठी जलाशय बांधून घेतला. जमिनीखाली जुन्या, सोडून दिलेल्या खाणीचे खड्डे होते. डिसेंबर १८६० मध्ये जलाशयाचं पाणी त्या खड्ड्यांतून उतरलं आणि शेजारच्या फ्लेचरच्या कोळसा खाणीत शिरलं. रायलँड्सची स्वतःची हयगय नव्हती. काम त्यानं जाणत्या माणसांवर सोपवलं होतं. तरीही १८६८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं त्याच्यावर भरपाई बसवली. निसटलं तर नुकसान करील अशी वस्तू ज्यानं आपल्या जमिनीत आणून साठवली, ती निसटल्यावर त्यानं भरून द्यावं, हयगय असो वा नसो, असा तो नियम. मात्र त्याला एक अट होती, जमिनीचा तो वापर नैसर्गिक नसावा. तलाव आणि खाण ही जोडी आमच्या तुमसर तालुक्यातही आहे, म्हणून हा निकाल इथल्या वकिलाला परका वाटत नाही. धोका तिथेच आहे.

परदेशी निकाल इथे कुठल्या दारानं आला, हे आधी पाहावं लागतं. भंडारा पूर्वी मध्य प्रांतात होता. १८७५ च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस लॉज अ‍ॅक्टनं न्यायाधीशाला सांगितलं होतं, की कायदा जिथे गप्प असेल तिथे न्याय, समन्याय आणि सद्सद्विवेकबुद्धी यांना धरून निर्णय दे. आता लंडनमध्ये शिकलेल्या न्यायाधीशाची सद्सद्विवेकबुद्धी इंग्रजी कायद्याकडेच वळणार. १८८७ मध्ये वाघेला राजसंजी प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील कोर्टानं, ते उघड म्हटलं, पण सोबत एक अट घातली, हिंदी समाजाला आणि परिस्थितीला तो नियम लागू पडत असेल तर. माझा सगळा धंदा त्या ‘तर’वर उभा आहे. धानाचं पऱ्हं एका बांधीतून उपटून दुसऱ्या बांधीत रोवताना आपण चिखल तपासतो, निकालाचंही तसंच.

असा निकाल शोधायचा, तर सुरुवात कंसापासून होते. इंग्रजी संदर्भात साल चौकोनी कंसात असेल, तर ते साल म्हणजेच पुस्तकाचा पत्ता. त्याशिवाय खंड सापडत नाही. गोल कंसातलं साल केवळ माहितीसाठी असतं, खंडांचे क्रमांक आपले आपण चालतात. आणि साल पुस्तकाचं असतं, निकालाचं असेलच असं नाही. केंब्रिज वॉटर कंपनीचा निकाल डिसेंबर १९९३ चा, छापील संदर्भ १९९४ चा. आपल्याकडेही तेच. ऑल इंडिया रिपोर्टरमधला एआयआर १९६५ एससी १७ हा निकाल सुप्रीम कोर्टानं १९६४ मध्ये दिलेला आहे. तारखेनं शोधणारा जुनियर इथे हमखास अडतो.

दुसरी अडचण नावांची. खालच्या कोर्टात फ्लेचर वादी, म्हणून ‘फ्लेचर विरुद्ध रायलँड्स’. रायलँड्स अपिलात गेला आणि नावं उलटली. ज्या तत्त्वासाठी हा खटला ओळखला जातो ते न्यायमूर्ती ब्लॅकबर्न यांनी १८६६ मध्ये मांडलं, म्हणजे नावं उलटण्याआधी. फक्त १८६८ चा निकाल वाचणारा मूळ विवेचन वाचतच नाही. शिवाय जुने इंग्रजी निकाल ज्या ‘इंग्लिश रिपोर्ट्स’ या मोठ्या पुनर्मुद्रणात मिळतात, त्याची हद्द १८६५ च्या आसपास संपते. रायलँड्सचे १८६६ आणि १८६८ चे निकाल त्याच्या उंबरठ्याबाहेर, नव्यानं सुरू झालेल्या ‘लॉ रिपोर्ट्स’मध्ये.

आता हे सगळं खिशातल्या फोनवर आहे. ब्रिटनसाठी बेली, ऑस्ट्रेलियासाठी ऑस्टली, कॅनडासाठी कॅनली ही संकेतस्थळं फुकट आहेत. आपल्याकडे २००८ पासून इंडियन कानून आहे. पूर्वी ज्या खंडासाठी नागपूर गाठावं लागे, तो निकाल आता भंडाऱ्याच्या बार रूममध्ये चहा येईपर्यंत उघडतो. तरी मी छापील पान सोडलेलं नाही, आणि त्याला भावनेपलीकडचं कारण आहे. ‘लॉ रिपोर्ट्स’च्या पानांवर वकिलांचे युक्तिवादही थोडक्यात छापलेले असतात; फुकटच्या संकेतस्थळांवर बहुधा फक्त निकाल असतो. कोर्टानं कोणता मुद्दा नाकारला आणि कोणता मुद्दा कुणी मांडलाच नाही, हे युक्तिवाद वाचूनच कळतं. न मांडलेल्या मुद्द्यावरचा निकाल दाखला म्हणून कच्चा असतो. आणि निकालाच्या माथ्यावरचा सारांश, म्हणजे हेडनोट, संपादकाची असते, न्यायाधीशाची नव्हे. ती वाट दाखवते, साक्ष देत नाही.

आणखी एक सापळा आहे. बेलीवर रायलँड्सच्या निकालाला ‘१८६८ यूकेएचएल १’ असा क्रमांक दिसतो. असे क्रमांक ब्रिटनमध्ये २००१ पासून अधिकृतपणे सुरू झाले. जुन्या निकालांना संकेतस्थळानं सोयीसाठी ते मागाहून चिकटवले आहेत. कोर्टात सांगायचा तो छापील संदर्भच.

निकाल सापडला, की खरं काम सुरू होतं. त्याचं पुढं काय झालं ते शोधायचं. १९८५ मध्ये स्कॉटलंडच्या एका अपिलात हाउस ऑफ लॉर्ड्सनंच सांगितलं, की हा नियम स्कॉटिश कायद्याचा भाग नाही. १९९४ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टानं तो हयगयीच्या सर्वसाधारण कायद्यात विरघळवून टाकला. इंग्लंडनं तो ठेवला, पण २००३ च्या ट्रान्स्को निकालात इतका आवळला, की इमारतीला पाणी पुरवणारी नळवाहिनी गळून झालेलं नुकसानही त्यात बसलं नाही. म्हणजे ‘परदेशी कायदा असा आहे’ असं वाक्य बोलायची सोयच नाही. कोणता देश, कोणतं साल, हे विचारावं लागतं.

भारतातला त्याचा प्रवास तर आमच्या तलावांवरूनच गेला आहे. आंध्रातल्या कार्वेटिनगरच्या जमीनदाराचे तलाव फुटले आणि मद्रास रेल्वेचं नुकसान झालं. कंपनीनं रायलँड्सचा आधार घेतला. १८७४ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं तो नाकारला. इथले तलाव पुरातन आहेत, शेती त्यांच्यावर जगते, जमीनदाराला ते राखणं भाग आहे, मनात आलं म्हणून मोडता येत नाहीत. तेव्हा हयगय सिद्ध झाल्याशिवाय भरपाई नाही. लँकेशायरचा जलाशय गिरणीमालकाच्या मर्जीचा होता. कार्वेटिनगरचा तलाव लोकांच्या गरजेचा. मामा तलाव कोणत्या बाजूला बसतो, हे भंडाऱ्यातल्या शाळकरी पोरालाही सांगता येईल.

मग बांधीत गाळ आलेल्या माणसाला घरी पाठवायचं का? नाही. पुढं आहे एआयआर १९६५ एससी १७, पंजाब राज्य विरुद्ध मॉडर्न कल्टिव्हेटर्स. पश्चिम यमुना कालव्याला खिंडार पडून शेतं बुडाली होती. तीन न्यायमूर्तींतले एक हिदायतुल्ला, पूर्वी नागपूर हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश. त्यांनी म्हटलं, की कालवे हा देशाच्या जगण्याचा भाग आहे, तो जमिनीचा साधा वापरच ठरतो, म्हणून रायलँड्स इथे चालणार नाही. पण कालवा सरकारच्या ताब्यात होता, आणि नीट राखलेला कालवा सहसा फुटत नाही. फुटणं हीच हयगयीची खूण. एक दरवाजा बंद करून त्यांनी दुसरा उघडला, आणि शेतकरी त्यातून आत आला.

१९८६ चा एम. सी. मेहता निकाल मात्र इथे लावायचा मोह टाळावा. दिल्लीतल्या श्रीराम कारखान्याच्या वायुगळतीनंतर न्यायमूर्ती भगवती यांनी रायलँड्सच्या अपवादांसकट तो नियम बाजूला ठेवला आणि धोकादायक उद्योगांसाठी पूर्ण जबाबदारीचं तत्त्व घडवलं. ते तत्त्व धोकादायक उद्योगासाठी आहे. माश्यांच्या बोडीला लावलं, तर न्यायाधीश चष्मा काढून आपल्याकडे बघतात.

दुसऱ्या प्रकारचा शोध अगदी वेगळा. लग्न होऊन अमेरिकेला गेलेल्या इथल्या मुलीला तिथल्या कोर्टाचा घटस्फोटाचा हुकूम हातात पडतो. अशा प्रकरणात इथल्या कोर्टात परदेशी कायदा दाखला म्हणून येत नाही, वस्तुस्थिती म्हणून येतो, आणि ती पुराव्यानं शाबीत करावी लागते. जुन्या पुरावा कायद्याचं कलम ३८ छापील पुस्तकांपुरतं बोलत होतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ३२ नं त्यात इलेक्ट्रॉनिक आणि डिजिटल स्वरूपही घेतलं. मात्र परदेशी कायद्याचा मजकूर त्या देशाच्या सरकारच्या अधिकारानं प्रसिद्ध झालेला असावा, ही अट कायम आहे. कुठल्याही संकेतस्थळावरची छापील प्रत जोडून भागत नाही.

आणि आता तर संदर्भच खोटा असू शकतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध एव्हियान्का खटल्यात वकिलांनी चॅटजीपीटीनं रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल दाखल केले. न्यायाधीश कॅस्टेल यांनी ५,००० डॉलरचा दंड ठोठावला. तेव्हापासून जुनियरनं आणलेला संदर्भ मी आधी त्या पानावर जाऊन पाहतो. खोट्या संदर्भाच्या पानावर बहुधा दुसराच खटला भेटतो.

पाळ फुटल्याच्या दाव्यात युक्तिवादाला उभा राहतो, तेव्हा माझ्या यादीत रायलँड्स नसतो. हिदायतुल्लांचा निकाल असतो. मग एवढं वाचलं कशाला? कारण सरकारी वकील कार्वेटिनगर काढणार हे मला ठाऊक असतं. तो काढण्याआधी मीच तो कोर्टापुढे ठेवतो: हा निकाल माझ्याविरुद्ध आहे, साहेब, हयगय दाखवावी लागेल असं तो सांगतो, आणि मी ती दाखवतो आहे. मग पाळीच्या शेवटच्या दुरुस्तीची नोंदवही मागवून घ्यावी असा अर्ज पुढं करतो.