ऊन पाणी आणि विसण

ज्या घरी गरम पाण्याच्या व्यवस्थेसंबंधी सल्ला देण्यासाठी मला बोलावले जाते, त्या घरी न्हाणीघरातल्या गिझरकडे किंवा गच्चीवरच्या टाकीकडे दृष्टी टाकण्यापूर्वी मी एक बादली मागून घेतो, घरची माणसे रोज जसे पाणी काढतात तसेच ते काढावयास सांगतो, आणि आधी गरम पाणी किती घेतले व मागाहून गार पाणी किती घातले याची नोंद करून मग त्या बादलीत तापमापक बुडवतो. पस्तीस वर्षांच्या व्यवसायात हा क्रम मी क्वचितच मोडला आहे. बादलीतले अखेरचे पाणी बहुतेक घरी 40 अंशांच्या आसपास भरते, कारण मनुष्याच्या कातडीला मानवणारी ऊब गरिबाघरी वेगळी आणि श्रीमंताघरी वेगळी नसते. फरक असतो तो त्यापूर्वी काय घडले यात. एखाद्या घरी 46 अंशांच्या पाण्यात चार-पाच तांबे गार पाणी पडलेले असते. दुसऱ्या घरी 68 अंशांचे कढत पाणी निम्म्याहून कमी बादली घेऊन उरलेली बादली नळाच्या गार पाण्याने भरलेली असते.

या मागाहून घातलेल्या पाण्याला आपल्याकडे विसण म्हणतात. शहरातल्या मुलांच्या तोंडून हा शब्द आता जवळजवळ नाहीसा झाला आहे, परंतु माझ्या कामात त्याच्याइतका उपयोगी शब्द मला दुसरा सापडलेला नाही; कारण एखाद्या घरात किती विसण लागते यावरून तेथे पाणी गरजेपेक्षा किती अधिक तापवले जाते याची अचूक रुजुवात होते. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. कढत पाण्यात गार पाणी मिसळल्याने उष्णता नाहीशी होत नाही. ती सगळी बादलीतच राहते. नुकसान झालेले असते ते आधीच, म्हणजे पाणी टाकीत थांबलेले असताना आणि नळीतून वाहत असताना. भोवतालची हवा 25 अंशांवर असेल, तर 65 अंशांवर ठेवलेल्या टाकीतून होणारा उष्णतेचा व्यय 50 अंशांवरच्या टाकीहून सुमारे दीडपटीपेक्षा अधिक असतो, कारण तो तापमानांच्या अंतराच्या प्रमाणात वाढतो. गिझरवरील तापनियंत्रकाची चकती शेवटच्या खुणेपर्यंत फिरवून ठेवणारा गृहस्थ, जे पाणी त्याला विसण घालून निववायचेच आहे, त्या पाण्याच्या उष्णतेने अहोरात्र भिंती तापवीत असतो.

हिशेब अवघड नाही आणि तो प्रत्येकाने एकदा मांडून पाहावा असा आहे. एक लिटर पाणी एक अंशाने तापवण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते आणि विजेच्या एका युनिटात अशा 860 किलोकॅलरी असतात. हिवाळ्यात पुण्याचे पाणी 20 अंशांवर आले, आणि माणशी 20 लिटरच्या दोन बादल्या 40 अंशांच्या लागल्या, तर 800 किलोकॅलरी, म्हणजे एका युनिटाहून थोडी कमी वीज, एका स्नानास पुरते. चौघांच्या कुटुंबाचा रोजचा खर्च यावरून पावणेचार युनिटांपाशी यावयास हवा. प्रत्यक्षात तो याच्या कितीतरी पुढे गेलेला दिसला, की मधल्या वाटेवर गळती आहे असे समजावे आणि नवे यंत्र विकत घेण्याआधी ती शोधावी. फवाऱ्याखाली दहा मिनिटे उभे राहिल्यास सहज 80 ते 100 लिटर पाणी जाते. बादली आणि तांब्या ही आपली जुनी रीत स्वतःच एक मोठी काटकसर आहे, आणि ती सोडण्याआधी विचार करावा असे मी आग्रहाने सांगतो.

माझे बालपण कसबा पेठेतल्या वाड्यात गेले. तांबट आळी जवळच होती. मठारकामाच्या ठोक्यांनीच आमची सकाळ होत असे. त्या आळीत घडलेला तांब्याचा बंब आमच्या न्हाणीघराच्या कोपऱ्यात उभा असे: मधोमध वरपर्यंत गेलेली नळी, तिच्या तळाशी जाळी, जाळीवर ढलप्या आणि गोवरीचा तुकडा, आणि नळीच्या सभोवार पाणी. बंबातून जितके पाणी काढावे तितके लागलीच वरून ओतावे असा घरातला दंडक होता, कारण कोरडा बंब तापला की त्याचा डाख सुटत असे आणि मग तो पुन्हा तांबटाकडे न्यावा लागे. पुढे अभियांत्रिकीचे शिक्षण घेताना उष्णतेच्या संवहनाचे प्रकरण वाचले, तेव्हा अग्नी पाण्याच्या पोटात ठेवण्याची ती युक्ती किती विचारपूर्वक केलेली होती हे मला उमजले. चुलीवरच्या हंड्याच्या बाजूंनी ज्वाळा वाऱ्यावर जातात, बंबात त्यांना पाण्याच्या भिंतीमधूनच वर जावे लागते. मात्र त्याचा धूर माझ्या आजीच्या डोळ्यांत आणि छातीत गेला, आणि त्या धुराची किंमत कोणत्याही जमाखर्चात धरली गेली नाही. बंब परत आणावा असे मी म्हणणार नाही.

बंबाच्या जागी विजेचा गिझर आला. त्याच्या अंगावरच्या ताऱ्यांविषयी लोकांच्या मनात मोठा गैरसमज आहे. पाच तारे म्हणजे कमी विजेत पाणी तापते असे बहुतेकांस वाटते. वास्तविक पाण्यात बुडालेली कॉइल, मग ती एका ताऱ्याच्या गिझरातली असो वा पाच ताऱ्यांच्या, घेतलेल्या विजेची जवळजवळ सर्वच्या सर्व उष्णता पाण्याला देते. ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिएन्सीने दिलेले हे तारे तापलेले पाणी नुसते राखून ठेवताना किती उष्णता बाहेर झिरपते याचे आहेत, म्हणजे टाकीभोवतीच्या वेष्टनाचे आहेत. जो मनुष्य आंघोळीआधी वीस मिनिटे गिझर लावतो आणि लगेच बंद करतो त्याला त्यांचा लाभ थोडा. ज्याच्या घरी बटण दिवसभर चालूच राहते त्याला तो मोठा. दोन किलोवॉटचा 15 लिटरचा गिझर 20 अंशांचे पाणी 60 वर नेण्यास साधारण 21 मिनिटे घेतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे तासभर आधी बटण दाबण्याचे कारण उरत नाही. ज्या घरी बोअरचे किंवा टँकरचे जड पाणी येते तेथे कॉइलवर क्षारांचा पापुद्रा धरतो, आणि पाणी जितके अधिक तापवावे तितका तो लवकर धरतो. टाकीचे तांबेरणे टाळण्यासाठी आत मॅग्नेशियमचा जो दांडा बसवलेला असतो तो स्वतः झिजून टाकी वाचवतो, आणि तो संपला की बदलावयाचा असतो, ही साधी गोष्ट मी ज्यांना सांगितली त्यांपैकी फार थोड्यांना ती पूर्वी ठाऊक होती.

परंतु कितीही तारे असले तरी एक मूलभूत प्रश्न शिल्लक राहतो. चंद्रपूरला किंवा कोराडीला कोळसा जाळून त्याच्या शेकडो अंशांच्या उष्णतेची वाफ करावी, वाफेने चाके फिरवून वीज करावी, या रूपांतरात दोन-तृतीयांशाच्या आसपास उष्णता गमवावी, उरलेली वीज तारांवरून शेकडो मैल आणावी, आणि ती कॉइलमध्ये जाळून पुन्हा उष्णताच करावी, तीही केवळ चाळीस अंशांची. हा कारभार बंबात चंदनाची लाकडे घालण्यासारखा आहे. विजेने दिवा लावावा, पंखा फिरवावा, शस्त्रक्रियेचे यंत्र चालवावे. कोमट पाणी ही फार हलक्या प्रतीची गरज असून ती भागवण्यासाठी हलक्या प्रतीची उष्णता पुरेशी आहे, आणि तशी उष्णता आपल्या डोक्यावर रोज पडत असते.

आपल्या भाषेने हे पूर्वीच ओळखले आहे. सूर्यप्रकाश तेही ऊन आणि गरम पाणी तेही ऊन. ऊन पाणी, ऊन ऊन भात असे आपण सहज बोलतो. तान्ह्या बाळाच्या आंघोळीचे पाणी अंगणात घंगाळात तापत ठेवण्याची चाल कोकणात आणि देशावर मी स्वतः पाहिली आहे. 1767 साली द सोस्यूर या स्विस शास्त्रज्ञाने काचेखालच्या पेटीत उन्हाची उष्णता कोंडून दाखवली, आणि 1891 साली अमेरिकेत बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी उन्हाने पाणी तापवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. गच्चीवरचा आपला सौरबंब त्याच घराण्यातला आहे. शंभर लिटर पाण्यासाठी सुमारे दोन चौरस मीटरचे काचेखालचे पत्रे, त्यांच्या पाठीवर तांब्याच्या नळ्या, आणि त्यांहून उंचावर टाकी: तापलेले पाणी हलके होऊन आपोआप वर चढते, गार पाणी खाली उतरते, आणि कोणत्याही पंपाशिवाय दिवसभर हा फेरा चालू राहतो. निरभ्र दिवशी त्यातून चार युनिटांच्या तोडीची उष्णता मिळते. पुणे महानगरपालिका असा सौरबंब बसवणाऱ्यांस मिळकतकरात सवलत देते, ही गोष्ट मला योग्य वाटते.

पत्रे कोणत्या कोनात मांडावेत याविषयी अनेक कारागीर बेफिकीर असतात. पुण्याचे अक्षांश साडेअठरा. डिसेंबरात मध्यान्हीचा सूर्य क्षितिजावर 48 अंशच चढतो. गरम पाण्याची खरी निकड त्याच दिवसांत असल्यामुळे पत्रे दक्षिणेकडे तोंड करून अक्षांशाहून दहा-पंधरा अंश अधिक उभे असावेत. उन्हाळ्यात थोडी उष्णता कमी पडली तर कोणाचेच काही बिघडत नाही. याहून मोठी चूक घरातल्या माणसांकडून होते. पावसाळ्यासाठी टाकीत विजेची कॉइल दिलेली असते, आणि सकाळी पाणी गार निघू नये म्हणून ती वर्षभर रात्रभर चालू ठेवली जाते. मग उजाडताच सूर्यापुढे टाकी आधीच भरलेली आणि तापलेली येते, त्याला तापवण्यास काही उरतच नाही, आणि महिन्याअखेर बिल पाहून सौरबंबालाच दोष दिला जातो.

माझ्या हातून घडलेली एक चूक मी येथे नोंदवतो, कारण ती पुष्कळांकडून होते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी एका चार मजली इमारतीच्या गच्चीवर मी सौर टाक्या बसवल्या आणि सर्व मजल्यांसाठी एक इंची एकच नळी खाली सोडली. उन्हात पाणी उत्तम तापत होते. तळमजल्यावरच्या एका बाईंनी मला न्हाणीघरात नेऊन दोन बादल्या ओळीने मांडलेल्या दाखवल्या. पहाटे नळ सोडला की आधी गार पाणी येई. अर्धी बादली वाया घालवायला त्यांचा जीव होत नसे, म्हणून ती धुण्यासाठी बाजूला काढीत आणि नंतरच्या बादलीत आंघोळ करीत. एक इंची नळीत मीटरमागे अर्धा लिटर पाणी मावते. वीस मीटरच्या नळीत दहा लिटर पाणी रात्रभर निवून बसे, आणि जितके गार पाणी बाहेर पडे तितकेच गरम पाणी त्याच्या जागी भरून पुन्हा निवत असे. उपाय सोपा होता आणि तो मला आधीच सुचायला हवा होता. गच्चीपासून तळमजल्यापर्यंतच्या उंचीमुळे खाली पाण्याला पुष्कळ दाब असतो, तेव्हा त्यांच्यासाठी अर्ध्या इंचाची स्वतंत्र नळी पुरते. तिच्यात अडीच लिटर पाणी राहते, आणि तिच्याभोवती फोमचे जाड वेष्टन घातले की तेही सावकाश निवते. त्या बाईंच्या दोन बादल्यांनी मला जे शिकवले ते पाठ्यपुस्तकांत नव्हते.

जेथे गच्ची आपली नाही, किंवा कोकणासारखे चार महिने आभाळ भरलेले असते, तेथे हीट पंप हा मार्ग आहे. त्याची कल्पना लॉर्ड केल्विन यांनी 1852 साली मांडली होती. आपल्या घरचा फ्रिज आतली उष्णता उपसून पाठीमागच्या जाळीतून बाहेर टाकतो. हीट पंप तेच काम हवेवर करतो आणि उपसलेली उष्णता पाण्यात सोडतो. वीज फक्त उपसण्यासाठी लागते, म्हणून एका युनिटात आपल्याकडच्या उबदार हवेत तीन युनिटांच्या आसपास उष्णता मिळते, आणि वीजनिर्मितीत चंद्रपूरला गमावलेले बरेचसे येथे भरून निघते. रत्नागिरीसारख्या दमट गावी हवेतली वाफ त्याच्या गार नळ्यांवर निवून पाणी होते आणि तिची सुप्त उष्णताही पदरी पडते. अशा ठिकाणी त्यातून सुटणारी कोरडी गार हवा भर श्रावणात कपडे वाळवण्यास कामी आलेली मी पाहिली आहे. किंमत साध्या गिझरच्या कितीतरी पट, यंत्राची घरघर, आणि पाणी सावकाश तापत असल्यामुळे मोठ्या टाकीची गरज, हे त्याचे दोष आहेत. येथेही विसणाचा कायदा लागू पडतो: 65 अंशांऐवजी 50 अंशांचे पाणी मागितले तर तोच पंप पुष्कळ कमी वीज घेतो. मात्र टाकीत पाणी दिवसेंदिवस कोमट पडून राहत असेल तर त्यात लिजिओनेला नावाचे जंतू वाढू शकतात; म्हणून अधूनमधून ते 60 अंशांवर नेणे इष्ट.

गॅसच्या गिझरविषयी मला एकच सांगायचे आहे आणि ते कळकळीने सांगतो. तो बंद न्हाणीघराच्या आत कदापि बसवू नये. अपुऱ्या हवेत जळणाऱ्या ज्योतीतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो, आणि त्याला रंग नाही, वास नाही. काटकसरीचा सर्व विचार या एका धोक्यापुढे गौण आहे.

काही वर्षांपूर्वी साताऱ्याला एका घरी आश्विनात सौरबंब बसवून झाला. घरातल्या ऐंशी वर्षांच्या आजी गच्चीवर येऊन टाकी पाहून गेल्या आणि जिन्यात थांबून त्यांनी मला विचारले, ''हे पाणी आदल्या दिवशीच्या उन्हाचं ना? मग चतुर्दशीला शिळ्या पाण्याचं अभ्यंग करायचं?'' प्रश्न विचारणीय होता. मी त्यांनाच उलट विचारले, ''आजी, तुमच्याकडे बंब केव्हा भरायचा?'' त्या क्षणभर थांबल्या. मग त्यांना आठवले: आदल्या संध्याकाळी बंब चिंचेने लख्ख घासून, त्याला झेंडूची माळ बांधून, पाणी भरण व्हायची, पहाटे फक्त जाळ घातला जायचा. ''म्हणजे पाणी कालचंच,'' त्या म्हणाल्या, ''जाळ तेवढा पहाटेचा. आता जाळही कालचा.'' त्यांनी नातवाला गच्चीवर पाठवून टाकीला झेंडूची माळ बांधून घेतली.

चतुर्दशीला मी मुद्दाम मुक्कामाला राहिलो होतो. पहाटे साडेचारला, गार वारा सुटलेला असताना, नळाखाली तापमापक धरला तो 53 दाखवत होता. टाकीत आदल्या दुपारी चार वाजता 57 होते. नातवाने पाणी घंगाळात सोडले. आजींनी तेलाचा हात पुसून त्यात बोटे बुडवली, झटकन काढली, आणि सुनेला म्हणाल्या, ''अगं, विसण आण.''