हिरवळीवरचा खड्डा

गोल्फ हा बड्या लोकांचा खेळ, आपला त्याच्याशी काय संबंध, असंच मला वाटायचं. पण ह्यांची बदली झाली आणि महाराष्ट्राबाहेरच्या ज्या कारखान्याच्या वसाहतीत आम्ही आलो, तिथे गोल्फचं मैदान होतं आणि संध्याकाळी करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. ह्यांच्यापेक्षा आमची मुलगीच त्यात जास्त रमली.

तिला शिकवलं तिथल्या एका म्हाताऱ्या कॅडीनं. कॅडी म्हणजे खेळाडूची पिशवी वाहणारा. पण पुष्कळदा खेळ त्यालाच जास्त कळतो. दिल्लीचे अली शेर असेच कॅडी होते आणि १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारे ते पहिले भारतीय व्यावसायिक खेळाडू ठरले. आमच्या या काकांनी मुलीला आधी चेंडू मारायला नाही, वागायला शिकवलं. दुसरा चेंडू मारत असताना बोलायचं नाही, त्याच्या चेंडूच्या वाटेवर पाय ठेवायचा नाही आणि आपल्या चेंडूनं पाडलेला खड्डा आपण बुजवायचा.

भोकाभोवतीचं गवत अगदी बारीक कापलेलं असतं. त्याला ग्रीन म्हणतात. उंचावरून आलेला चेंडू जेमतेम ४६ ग्रॅमचा, पण मऊ जमिनीत खळगा पाडतो. मागून येणाऱ्याचा चेंडू त्यात अडखळला, तर सव्वाचार इंचांचं भोक हुकलंच म्हणून समजा! बुजवायला दोन दातांचा छोटा काटा असतो. तो खळग्याच्या कडेला रोवून गवत मध्याकडे ढकलायचं, पुरणपोळी भरताना आपण पारीच्या कडा आणतो ना, तसं. मग वरून हलकेच थोपटायचं. पुष्कळजण खालून उचकटतात. त्यानं मुळं तुटतात आणि तिथे टक्कल पडतं. २०१९ पासून तर बुटांचे ओरखडेही नीट करायला नियमांनी परवानगी दिली आहे. पूर्वी ती नव्हती.

गेल्या वर्षी पावसाळा संपल्यावर हे आपल्या वरिष्ठांबरोबर खेळत होते. मुलगी आणि मी सोबत होतो. साहेबांचा चेंडू ग्रीनवर थप्पकन पडला. खळग्याकडे बोट दाखवून ते कॅडीकाकांना म्हणाले, "देख लेना." काका पिशवी उतरवून, गुडघ्यावर हात टेकत वाकू लागले. तेवढ्यात मुलीनं खिशातला काटा साहेबांपुढे धरला.

"अंकल, तुमचा खड्डा इथे आहे."

हे पांढरेफटक पडले. साहेब क्षणभर तिच्याकडे पाहत राहिले. मग काटा घेऊन वाकले आणि खालून उचकटू लागले. "असं नाही, कडेनं," मुलगी म्हणाली.

घरी आल्यावर जे व्हायचं तेच झालं. बढतीची यादी महिन्यावर आली होती. "कॅडीनं खड्डा बुजवला तरी नियमात बसतं," हे म्हणाले आणि ते खरंच होतं. मुलगी एवढंच म्हणाली, "बाबा, काकांचे गुडघे दुखतात."

मी तिची बाजू घेतली. दोन दिवस आमच्याकडे कामापुरतंच बोलणं चाललं.

पुढच्या रविवारी पुन्हा साहेबांबरोबरच खेळ ठरला होता. मुलीला न्यावं की नाही, यावर शनिवारी रात्री अकरापर्यंत वाद झाला. शेवटी ह्यांनीच तिच्या बुटांना पॉलिश केलं आणि सकाळी सहाचा गजर लावला.