यादीतलं कुलूप

२०२३ च्या हिवाळ्यात आम्ही दोघं मुलाकडे सॅन अँटोनिओला होतो. एका संध्याकाळी तो जेवणाच्या टेबलावर वही घेऊन बसला होता. मला वाटलं, घरखर्चाचा हिशोब असेल. बघतो तर रायफलच्या भागांची यादी! सुटे भाग आणून घरीच रायफल जोडायची, हा तिकडचा एक रुळलेला छंद. ऑफिसातल्या मित्रांनी केलं, म्हणून यालाही हुक्की आली. नागरिकत्व मिळालेलं आहे, त्यामुळे कायद्याची आडकाठी नाही.

आपल्याकडे १९५९ चा शस्त्र कायदा. परवान्याशिवाय बंदूक बनवणं सरळ गुन्हा. त्यामुळे मी आधी गप्पच झालो. पण जन्म शाळेत गेलेला. समोर वही दिसली की राहवत नाही. म्हटलं, "समजावून सांग बघू."

ही एआर-१५ जातीची रायफल. यूजीन स्टोनर यांनी १९५० च्या दशकात आर्मालाइट कंपनीत असताना तिचा आराखडा केला. एआर ही अक्षरं त्या कंपनीच्या नावातली. पुढे हक्क कोल्ट कंपनीकडे गेले. पेटंटची मुदत संपल्यावर अनेक कारखाने तेच भाग ठरीव मापात करू लागले, म्हणून एकाची नळी दुसऱ्याच्या सांगाड्यात बसते. गंमत म्हणजे तिथल्या केंद्रीय कायद्याच्या लेखी बंदूक म्हणजे फक्त खालचा सांगाडा, ज्यावर नंबर कोरलेला असतो. तो परवानाधारक दुकानातून, फॉर्म भरून, चौकशी होऊन मिळतो. नळी, बोल्ट, दस्ता वगैरे बाकी सगळं टपालानं दारात!

"मग पैसे कुठे वाचवणार?" मी विचारलं.

"नळी आणि बोल्टमध्ये नाही, बाबा. सगळा दाब तिथेच येतो." बोल्टचं पोलाद तपासलेलं हवं. नळी ५.५६ ची घ्यायची, तिच्यात .२२३ ची गोळीही चालते. उलट केलं तर दाब धोक्याइतका वाढू शकतो. जोडल्यावर बोल्ट नळीत नीट बसतो की नाही, ते जाणकाराकडून मोजून घ्यायचं. दस्ता, मूठ साधी चालेल, पुढे बदलता येते.

मला हिशोब पटला. १९७४ साली, नोकरीच्या पहिल्या वर्षी, मी अशीच सायकल जोडली होती. फ्रेम जुन्या बाजारातली, सीट फाटकं, पण ब्रेक, चेन आणि छर्रे नवे. पोरगा माझाच!

तेवढ्यात नात येऊन आजीला सांगू लागली, आज शाळेत दिवे घालवून, कोपऱ्यात अजिबात आवाज न करता बसायचा सराव झाला. नऊ वर्षांची आहे. "मी जराही हलले नाही," हे तिनं कौतुकानं सांगितलं.

युवाल्डी तिथून गाडीनं दीड तासावर. २४ मे २०२२ ला तिथल्या शाळेत एकोणीस मुलं आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. रायफल याच जातीची होती. मी छत्तीस वर्षं वर्गावर उभा राहिलो. त्या दोघींचा विचार मनातून जाईना.

यादी पुन्हा वरपासून खालपर्यंत वाचली. विचारलं, "यात कुलूप कुठंय?"

"घेऊ की नंतर. पैसे उरले तर."

खरं तर 'हे करूच नकोस' असं म्हणायचं होतं. म्हटलं नाही. त्याचं घर, त्याचा देश. पण रात्री झोप आली नाही. पहाटे उठून नातीच्या दप्तरातलं लाल पेन घेतलं आणि यादीच्या वर, एक नंबरच्याही आधी लिहिलं: 'तिजोरी. गोळ्यांना वेगळं कुलूप. किल्ली आईबापांखेरीज कुणाकडे नाही.'

सकाळी त्यानं वही पाहिली. बोलला काहीच नाही. सून मात्र म्हणाली, "बरं केलंत बाबा. मी दोनदा सांगून बघितलं होतं."

आम्ही निघायच्या आधी तिजोरी आली. चांगली जड होती, आम्ही दोघांनी मिळून ती भिंतीत पक्की केली. त्यात बरेच पैसे गेल्यानं नळी लांबली. रायफल पुरी झाली की नाही, हे मी फोनवर विचारत नाही. किल्ली कुठे असते, ते मात्र दर रविवारी विचारतो.