काचपेटीतील समुद्र

जे जवळ नसते त्याची ओढ माणसाला अधिक वाटते. बीड जिल्ह्यातील गेवराई हे गाव समुद्रापासून सरळ रेषेत मोजले, तरी सुमारे ३०० किलोमीटर दूर आणि समुद्रसपाटीपासून ४०० मीटरांहून अधिक उंचीवर आहे. धुळे-सोलापूर महामार्गावरील या गावाच्या भोवती काळी जमीन आहे, कापूस आहे, ऊस आहे. तालुक्याच्या उत्तर सीमेवरून गोदावरी वाहते. पण येथे भरती-ओहोटी नाही, वाळूत रुतलेले शिंपले नाहीत, खारा वाराही नाही. येथील मुलाने समुद्र पाहिलेला असतो, तो बहुधा चित्रात किंवा मुंबईच्या एखाद्या सहलीत. अशा मुलाच्या मनात एके दिवशी येते, की आपल्या घरातच एक लहानसा समुद्र का असू नये? एक काचेची पेटी, तीत खारे पाणी आणि त्या पाण्यात विहरणारे रंगीत मासे! हा हट्ट ऐकून घरातील वडील माणसे हसतात. परंतु तो हसण्यावारी नेण्याजोगा नाही. हा हट्ट पुरवता येतो. मात्र त्याची किंमत केवळ पैशांत मोजून भागत नाही, हे आधी समजून घेतले पाहिजे.

समुद्रापासून दूर राहून समुद्र जोपासण्याची हौस काही आजची नाही. १८४६ साली ॲना थिन नावाची एक इंग्रज स्त्री टॉर्की या किनाऱ्यावरील गावी गेली असता तेथील जिवंत प्रवाळांवर लुब्ध झाली. तिने ते प्रवाळ समुद्राच्या पाण्यात घालून थेट लंडनला आपल्या घरी आणले. पण लंडनमध्ये ताजे समुद्रजल रोज कोठून मिळणार? आहे तेच पाणी टिकवणे भाग होते. तेव्हा पाण्यात हवा मिसळावी म्हणून उघड्या खिडकीपाशी उभे राहून ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतण्याचा क्रम तिने सुरू केला. हे काम रोज अर्धा-पाऊण तास चाले, आणि बाईंना सवड नसली म्हणजे घरातील मोलकरीण ते करी. पुढच्या वर्षी तिने समुद्रातील वनस्पती आणून त्याच पाण्यात ठेवल्या, कारण वनस्पती प्राणवायू सोडतात. आज जे काम विजेचा पंप अहोरात्र करतो, ते त्या काळी दोन मानवी हातांनी केले. घरगुती सागरी मत्स्यालयाचा आरंभ असा कष्टातून झाला आहे.

पुढे १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात लोकांसाठी मत्स्यगृह उघडण्यात आले, आणि १८५४ साली फिलिप हेन्री गॉस या निसर्ग-अभ्यासकाने या विषयावर पुस्तक लिहिले. त्या पुस्तकाने इंग्लंडात जणू वेड लावले. घरोघर काचपेट्या आल्या आणि लोकांचे थवे किनाऱ्यावर जाऊन खडकांमधील डबकी उपसू लागले. बहुतेकांना पाण्याचे शास्त्र ठाऊक नव्हते. प्राणी मरत, पाणी नासे, आणि लोक पुन्हा नवे प्राणी आणीत. याच गॉसच्या मुलाने १९०७ साली लिहिलेल्या आत्मचरित्रपर पुस्तकात, आपल्या बालपणी सौंदर्याने भरलेली ती डबकी पुढे कशी उजाड झाली, याबद्दल मोठी हळहळ व्यक्त केली आहे. बापाने प्रेमाने दाखवलेली गोष्ट लोकांनी ओरबाडून नेली. हौसेला ज्ञानाची आणि संयमाची जोड नसली, की ती ज्यावर प्रेम करते त्याचाच घात करते, याचे याहून बोलके उदाहरण शोधावे लागणार नाही.

महाराष्ट्रात सामान्य माणसाला काचेपलीकडचा समुद्र दाखवला तो मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. मरीन ड्राइव्हवरील त्या वास्तूत समुद्र कधीही न पाहिलेली खेड्यापाड्यांतील मुले काचेला नाक लावून उभी राहिली, आणि आयुष्यभर पुरेल एवढे आश्चर्य घेऊन घरी परतली. मात्र तेथे पाण्याची काळजी वाहणारी जाणती माणसे होती. घरातील पेटीपाशी ती सारी कामे एकट्या नवशिक्यालाच करावी लागतात.

नवशिक्याची पहिली समजूत अशी असते, की पेटी जितकी लहान तितके काम सोपे. खरा प्रकार याच्या उलट आहे. घागरीभर पाण्यात चिमूटभर घाण पडली तर ते लवकर बिघडते. विहिरीत पडली तर जाणवतही नाही. म्हणून निदान १०० लिटर पाणी मावेल अशी पेटी घेणे शहाणपणाचे ठरते. इतक्या पाण्याचे वजनच १०० किलोपेक्षा अधिक भरते. तेव्हा पेटीखाली भक्कम बैठक हवी. गेवराईच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो, आणि प्रवाळांच्या समुद्रातील मासे २४ ते २७ अंशांच्या पाण्यात सुखी असतात. म्हणून पेटी खिडकीच्या उन्हात न ठेवता घरातील गारव्याच्या भिंतीशी ठेवावी लागते.

दुसरी समजूत मिठाविषयीची. समुद्राचे पाणी खारट, म्हणजे स्वयंपाकघरातील मीठ घातले की समुद्र तयार झाला! परंतु समुद्रात केवळ मीठ नसते. मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, गंधकाचे क्षार अशी अनेक द्रव्ये त्यात ठराविक प्रमाणात मिसळलेली असतात. १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ नावाच्या जहाजाने जगातील समुद्रांचा शोध घेतला. त्याने आणलेले पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. त्यात असे दिसून आले, की खारटपणा कोठे कमी, कोठे जास्त असला, तरी मुख्य क्षारांचे एकमेकांशी असलेले प्रमाण जवळजवळ सर्वत्र सारखेच असते. त्या प्रमाणाबरहुकूम तयार केलेले सागरी मीठ आता बाजारात मिळते. एक लिटर पाण्यास सुमारे ३५ ग्रॅम, म्हणजे १०० लिटरांस साडेतीन किलो मीठ लागते. ते शुद्ध पाण्यात विरघळवून हायड्रोमीटर नावाच्या उपकरणाने पाणी तपासतात. विशिष्ट गुरुत्व १.०२५ च्या आसपास आले, की समुद्राचे माप जुळले असे समजावे. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तसेच वापरून चालत नाही. जमिनीतील क्षार आणि शेतातून झिरपलेली खते त्यात उतरलेली असतात.

आता पेटी तयार आहे, पाणी स्फटिकासारखे स्वच्छ आहे, आणि मुलाचा धीर सुटला आहे. हीच खरी कसोटीची वेळ. या घडीला मासे आणून सोडले, तर ते थोड्याच दिवसांत तडफडून मरण्याचा धोका असतो. कारण दिसायला स्वच्छ असलेले पाणी जगण्यास योग्य असतेच असे नाही. मासा श्वास घेतो, खातो, मलविसर्जन करतो. त्यातून पाण्यात अमोनिया हे विष साठते. डोळ्यांना न दिसणारे काही जीवाणू या अमोनियाचे नायट्राइट करतात. तेही विषारीच. दुसरे जीवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात, आणि ते पुष्कळच सौम्य असते. हे जीवाणू वाळूत, दगडांवर, गाळणीत वस्ती करून राहतात. पण त्यांची वस्ती बसण्यास सामान्यतः ४ ते ६ आठवडे लागतात. तोवर पेटीत मासा नाही. केवळ वाळू, दगड, खळखळणारे पाणी आणि जीवाणूंना पोसण्यापुरता अमोनियाचा अंश. दर काही दिवसांनी पाण्याचा नमुना घेऊन त्यात तपासणीचे थेंब टाकायचे, रंग पाहायचा आणि वहीत नोंद करायची. अमोनिया आधी वाढतो, मग उतरतो. पाठोपाठ नायट्राइट वाढते आणि उतरते. दोन्ही शून्यावर येऊन टिकली, की पाणी जिवंत झाले म्हणावे.

पेरणीपूर्वी जमिनीची मशागत करणाऱ्या शेतकऱ्याच्या घरातील मुलाला हे सांगावे लागू नये. बी घाईने फेकून पीक येत नाही. मासे पाळणे म्हणजे मुळात पाणी पाळणे होय. पाणी नीट सांभाळले, तर मासा आपला आपण जगतो.

पहिला पाहुणा कोणता आणावा, हाही विचाराचा प्रश्न आहे. समुद्रातील कित्येक सुंदर मासे आजही प्रवाळांमधून पकडून आणले जातात, आणि प्रवासातच त्यांतील बरेच दगावतात. परंतु नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला क्लाऊनफिश हा मासा मनुष्याच्या देखरेखीखाली अंड्यातून वाढवता येतो. आपल्या देशातील केंद्रीय सागरी मत्स्यसंशोधन संस्थेनेही ही विद्या साध्य केली आहे. असा पैदास केलेला मासा घेतल्याने समुद्रातील एकही मासा कमी होत नाही. समुद्रघोडे आणि प्रवाळ यांना मात्र २००१ सालापासून कायद्याचे संरक्षण आहे. ते समुद्रातच शोभतात.

मासा आल्यावर खरी नोकरी सुरू होते, आणि या नोकरीला रविवारची सुट्टी नसते. रोज तापमान पाहावे लागते. पाण्याची वाफ होते, पण मीठ मागेच राहते. म्हणून पाणी कमी झाले की वरून खारे नव्हे, तर गोडे पाणी घालून खुणेच्या रेषेपर्यंत आणावे लागते. खाद्य चिमटीने, तेही दोन-तीन मिनिटांत संपेल एवढेच द्यावे. मायेपोटी दिलेली दुसरी चिमूट पाण्यात कुजून विष होते. वीज गेली की पंप थांबतो, आणि पंप थांबला की मासे व जीवाणू दोघेही गुदमरू लागतात. ज्या घरांनी भारनियमनाचे दिवस पाहिले आहेत, त्यांनी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप हाताशी ठेवावा हे बरे.

येथे एक प्रश्न टाळता येत नाही. बीड जिल्हा अवर्षणाचा. १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी तेथील वृद्ध माणसे अजून सांगतात, आणि त्यानंतरही अनेक उन्हाळ्यांत गावोगाव टँकरची वाट पाहावी लागली आहे. जेथे माणसांना पाणी पुरत नाही, तेथे माशांसाठी १०० लिटर पाणी अडवून ठेवणे योग्य आहे काय? प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर हिशेबानेच दिले पाहिजे. पेटीतले पाणी एकदा भरल्यावर फेकून द्यायचे नसते. पंधरा दिवसांनी त्यातील सुमारे दहावा हिस्सा, म्हणजे १० लिटर बदलावे लागते, आणि वाफेने गेलेले तेवढे भरून काढावे लागते. पाणी शुद्ध करणारे यंत्र जे पाणी बाहेर टाकते, ते फरशी पुसण्यास आणि भांडी विसळण्यास चालते. पेटीतून काढलेले खारे पाणी मात्र तुळशीच्या आळ्यात किंवा शेतात कधीही ओतू नये. क्षारांनी जमीन नासते. एवढा हिशेब करूनही ज्या घरी, ज्या वर्षी ते १० लिटरही जड वाटतील, तेथे त्या वर्षी पेटी मांडू नये. हौस पुढच्या पावसाळ्यापर्यंत थांबू शकते. पेटीतला मासा पाण्यावाचून एक दिवसही थांबू शकत नाही.

मग इतक्या दगदगीतून मुलाच्या पदरी काय पडते? रंगीत मासे तर खरेच. परंतु त्याहून मोठी गोष्ट म्हणजे समुद्राची समज. दोन-तीन अंशांनी पाणी तापले, की पेटीतील जीव कसे कासावीस होतात, हे ज्याने पाहिले आहे, त्याला १९९८ साली लक्षद्वीपच्या समुद्रात उष्णतेने प्रवाळ पांढरे पडले, या वार्तेचा अर्थ कोणी उलगडून सांगावा लागत नाही. खऱ्या समुद्रात बिघाड सावकाश होतो आणि कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. पेटीत तोच बिघाड आठवडाभरात उघडा पडतो.

आणि समुद्र गेवराईपासून वाटतो तितका परकाही नाही. पावसाचे पाणी खडक झिजवते, त्यातील क्षार विरघळवून नदीत आणते, आणि नदी ते समुद्रास नेऊन देते. कोट्यवधी वर्षे हेच चालल्यामुळे समुद्राला त्याच्या खारटपणाचा मोठा वाटा नद्यांकडून मिळाला आहे. गोदावरी त्र्यंबकेश्वरी, अरबी समुद्रापासून जवळच उगम पावते. पण त्याच्याकडे पाठ फिरवून १,४०० किलोमीटरांहून अधिक वाट चालत बंगालच्या उपसागरास मिळते. वाटेत राक्षसभुवनच्या घाटावरून जाताना ती या तालुक्याच्या मातीतील क्षार घेऊन जाते. शेतातले जास्तीचे खत आणि गावातला केरही घेऊन जाते. घरातील १०० लिटरांत चिमूटभर खाद्य जास्त पडू नये म्हणून जपणारा मुलगा त्या घाटावर उभा राहिला, की हातातील कागदाचा बोळा पाण्यात टाकताना त्याचा हात आपोआप थांबतो.